विषाणूचं मूळ, माणसाचं कूळ

मार्च २०२५ च्या मध्याला कोलकात्यातून एक बातमी आली. शहरातल्या एका पंचेचाळीस वर्षांच्या बाईंना ‘ह्यूमन कोरोनाव्हायरस एचकेयू-१’ची लागण झाली होती. ताप, सर्दी, खोकला अशी लक्षणं होती. त्या खाजगी रुग्णालयात दाखल होत्या आणि प्रकृती स्थिर होती. बातमीत एवढाच ऐवज होता, पण ‘कोरोना’ हा शब्द मथळ्यात आला आणि दिवसभर वाहिन्यांना काम मिळालं. हा नवा विषाणू आहे का, पुन्हा लॉकडाऊन लागणार का, हा चीनमधून आला का, असे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले. डॉक्टरांनी लगोलग सांगितलं की हा विषाणू जुना आहे, जगभर आढळतो आणि बहुतेकांना त्यानं साधी सर्दी होते. दोन दिवसांत बातमी विरली.

तिच्यातला महत्त्वाचा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. हा विषाणू त्या बाईंमध्ये सापडला कसा? अलीकडे मोठ्या रुग्णालयांत श्वसनरोगांसाठी एक एकत्रित चाचणी मिळते. नाका-घशातला एक स्वॅब घ्यायचा, तो यंत्रात घालायचा, आणि तासा-दीड तासात इन्फ्लुएन्झापासून कोरोनापर्यंत डझनभराहून अधिक जंतूंची हजेरी कळते. या चाचणीला काही हजार रुपये लागतात. ज्याला ती परवडते त्याच्या सर्दीला नाव मिळतं. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत त्याच आठवड्यात तसाच खोकला घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तापाची गोळी मिळते, वर एखादं अँटिबायोटिक मिळतं आणि तो घरी जातो. त्याच्या घशात काय होतं हे कधीच कळत नाही. म्हणून कोलकात्यात एचकेयू-१ चा ‘एक’ रुग्ण सापडला, याचा अर्थ इतकाच की तिथे एका रुग्णात तो शोधला गेला.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. विषाणूच्या बाबतीत हा सल्ला निम्माच पाळावा. विषाणूचं मूळ विचारलंच पाहिजे, अगदी खोदून खोदून. तो अंगावर वागवणाऱ्या माणसाचं कूळ मात्र काढू नये. गेल्या पाच-सहा वर्षांत आपण नेमकं उलटं केलं. कूळ काढण्याचं काम हिरिरीनं केलं आणि मूळ शोधण्याचं काम अर्ध्यावर टाकलं.

आधी विषाणूच्या घराण्याची माहिती करून घेऊ. माणसाला बाधणारे सात कोरोनाविषाणू आज माहीत आहेत. १९६५ साली इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळच्या सर्दी-संशोधन केंद्रात डेव्हिड टायरेल आणि त्यांचे सहकारी सर्दीच्या एका हट्टी नमुन्याशी झगडत होते. नेहमीच्या पेशींमध्ये तो वाढत नव्हता. शेवटी श्वासनलिकेच्या ऊतीत तो वाढला आणि लंडनमध्ये जून अल्मेडा यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेला. अल्मेडा ग्लासगोच्या एका बसचालकाची मुलगी. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली, पण विषाणूची छायाचित्रं घेण्यात हात धरणारं कुणी नाही. असे कडेने काटे असलेले विषाणू त्यांना आधीही दिसले होते. तेव्हा एका नियतकालिकानं ‘ही इन्फ्लुएन्झाची वाईट छायाचित्रं आहेत’ म्हणून त्यांचा लेख परत पाठवला होता. १९६८ मध्ये आठ विषाणुतज्ज्ञांनी ‘नेचर’मधून या गटाला कोरोनाव्हायरस हे नाव दिलं. त्याच दशकात अमेरिकेत २२९-ई आणि ओसी-४३ हे दोन मानवी कोरोनाविषाणू सापडले. दोघांनीही सर्दीच होते, तेव्हा कोण कशाला लक्ष घालतो? पुढची तीसेक वर्षं या घराण्याकडे पशुवैद्यांखेरीज फारसं कुणी फिरकलं नाही. कोंबड्या, डुकरं, गाईगुरं यांच्यात कोरोनाविषाणू नुकसान करत असल्यानं पशुवैद्यांना दुर्लक्ष परवडणारं नव्हतं.

नोव्हेंबर २००२ मध्ये दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात सार्स उद्भवला. ८,०९६ जणांना लागण, ७७४ मृत्यू. त्या धक्क्यानंतर प्रयोगशाळा कोरोनाविषाणू शोधायला लागल्या आणि लगेच दोन सापडलेही. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये सात महिन्यांच्या एका बाळाच्या नमुन्यात एनएल-६३ मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत शेन्झेनहून हाँगकाँगला परतलेल्या ७१ वर्षांच्या एका गृहस्थांना न्यूमोनिया झाला होता. त्यांची सार्सची चाचणी नकारार्थी आली, तरी हाँगकाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी नमुना टाकून दिला नाही. सगळ्या कोरोनाविषाणूंत सारखाच राहणारा जनुकाचा एक तुकडा त्यांनी त्यात शोधला आणि २००५ मध्ये एचकेयू-१ जगापुढे आला. विद्यापीठाच्या नावाची आद्याक्षरं त्याला चिकटली ती अशी. पुढे जिथे जिथे शोधला तिथे तिथे तो सापडला, म्हणजे तो आधीपासूनच माणसांत नांदत होता. कोलकात्याची बातमी वीस वर्षं उशिरा आलेली होती, ती अशी. २०१२ मध्ये सौदी अरेबियात मर्स आणि २०१९ च्या अखेरीस वुहानमध्ये सार्स-कोव्ह-२, असे हे सात.

सातही जण कधी ना कधी प्राण्यांतून आले. २२९-ई आणि एनएल-६३ यांचे नातलग वटवाघळांत आहेत. ओसी-४३ आणि एचकेयू-१ यांचे दूरचे पूर्वज उंदीरवर्गीय प्राण्यांत असावेत, असं जनुकीय पुरावा सांगतो. सार्स वटवाघळांतून उदमांजरांमार्फत बाजारात पोचला, मर्स उंटांमार्फत. मधला प्राणी प्रत्येक वेळी सहज हाती लागतो असं नाही. सार्सच्या वेळी काही महिन्यांत शेन्झेनच्या बाजारातल्या उदमांजरांमध्ये तसाच विषाणू मिळाला, पण वटवाघळांतले त्याचे सगळे जनुकीय तुकडे युनान प्रांतातल्या एकाच गुहेत मिळायला २०१७ साल उजाडलं. ओसी-४३ ची गोष्ट अधिक विचारात पाडणारी आहे. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये हा विषाणू आणि गुरांचा कोरोनाविषाणू यांच्यातल्या फरकांवरून हिशेब मांडला. दोघांचा समान पूर्वज १८९० च्या आसपासचा निघाला. नेमक्या त्याच सुमारास, १८८९-९० मध्ये, ‘रशियन फ्लू’ म्हणून ओळखली गेलेली साथ जगभर फिरली होती. ती साथ फ्लूची नसून या कोरोनाची होती का? तेव्हाचे नमुने कुणी जपले नाहीत, त्यामुळे हा आज तरी एक आकर्षक तर्क आहे, सिद्ध गोष्ट नाही.

असे विषाणू पुन्हा पुन्हा का येतात, याचं उत्तर त्यांच्या रचनेत आहे. कोरोनाविषाणूचा आरएनए सुमारे तीस हजार अक्षरांचा असतो. आरएनए विषाणूंमध्ये एवढी मोठी संहिता क्वचितच आढळते. ती उतरवताना झालेल्या चुका दुरुस्त करणारं एक विकरही त्याच्याकडे आहे, म्हणून तो फ्लूच्या मानानं सावकाश बदलतो. पण त्याच्याकडे दुसरी युक्ती आहे. एकाच पेशीत दोन वेगवेगळे कोरोनाविषाणू शिरले, तर नक्कल करणारं विकर अर्ध्यावर एक संहिता सोडून दुसरीवर उडी मारतं. दोन पोथ्या शेजारी मांडून बसलेल्या लेखनिकानं अर्धं पान एकीतून आणि अर्धं दुसरीतून उतरवावं, तसं नवं बाड तयार होतं. त्यामुळे या विषाणूला एकच बाप नसतो. त्याच्या संहितेचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेले असतात. आणि विषाणूच्या काट्यांमधलं काटेरी प्रथिन पेशीच्या कोणत्या रेणूला चिकटतं एवढ्यावरून रोग किती घातक ठरेल हेही सांगता येत नाही. एनएल-६३ आणि सार्स-कोव्ह-२ हे दोघंही एसीई-२ याच रेणूला चिकटतात. एकानं मुलांचं नाक गळतं, दुसऱ्यानं जगात नोंदलेले सत्तर लाखांहून अधिक बळी घेतले. एचकेयू-१ पेशीत शिरताना कोणत्या प्रथिनाचा आधार घेतो, हे तर २०२३ मध्ये कळलं, म्हणजे विषाणू सापडल्यानंतर अठरा वर्षांनी.

आता कळीचा प्रश्न. सार्स-कोव्ह-२ आला कुठून? याचे दोन पक्ष झाले आणि दोन्ही पक्षांनी शास्त्रापेक्षा वकिली जास्त केली. पुरावा काय सांगतो? डिसेंबर २०१९ मधल्या वुहानच्या सुरुवातीच्या रुग्णांची घरं नकाशावर मांडली, तर ती हुआनान बाजाराभोवती दाटलेली दिसतात, बाजाराशी काही संबंध नसलेल्या रुग्णांचीसुद्धा. जानेवारी २०२० मध्ये बाजारातल्या ज्या टपऱ्यांवरून विषाणूचे नमुने घेतले, त्यांतल्या काहींत रॅकून कुत्र्यासारख्या वन्यप्राण्यांचा डीएनए मिळाला. हे प्राणी तिथे जिवंत विकले जात होते. लाओसमधल्या वटवाघळांत मिळालेला एक विषाणू सार्स-कोव्ह-२ शी ९६.८ टक्के जुळतो. या विषाणूच्या काटेरी प्रथिनात ‘फ्युरिन’ विकरानं तुटणारी एक जागा आहे. ती पाहून अनेकांना मानवी हाताचा संशय आला, पण तशी जागा मर्समध्ये आहे, ओसी-४३ मध्ये आहे आणि कोलकात्यात सापडलेल्या एचकेयू-१ मध्येही आहे. हे सगळं नैसर्गिक उगमाकडे बोट दाखवतं.

दुसऱ्या पारड्यातही काही आहे. वुहानमध्ये वटवाघळांच्या कोरोनाविषाणूंवर काम करणारी जगातली एक प्रमुख प्रयोगशाळा आहे. प्रयोगशाळेतून विषाणू निसटतात हे कपोलकल्पित नाही. सार्स-१ ची साथ संपल्यावर सिंगापूर, तैपेई आणि बीजिंग इथे प्रयोगशाळांतूनच संसर्ग झाले होते. सार्स-कोव्ह-२ ची लागण झालेला मधला प्राणी अजून मिळालेला नाही, कारण बाजार १ जानेवारी २०२० ला बंद करून धुऊन काढला गेला आणि तिथले संशयित प्राणी तपासले गेलेच नाहीत. सुरुवातीच्या अनेक रुग्णांचे जनुकीय क्रम आणि प्रयोगशाळेची कागदपत्रं चीननं दिली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं जून २०२५ मध्ये म्हणूनच दुहेरी निष्कर्ष काढला. उपलब्ध पुराव्याचं वजन प्राण्यांकडून आलेल्या संसर्गाकडे झुकतं, पण मागितलेली माहिती मिळेपर्यंत कोणतीही शक्यता बाद करता येत नाही. अमेरिकेच्या सीआयएनं जानेवारी २०२५ मध्ये प्रयोगशाळेकडे कल दाखवला खरा, पण त्यालाही ‘कमी खात्रीचा’ अशी पुस्ती जोडलेली होती. मला स्वतःला बाजाराचा पुरावा वजनदार वाटतो. तरी या प्रकरणावर पडदा पडला असं म्हणणाऱ्याला मी विचारीन, कागद कुठे आहेत?

कागद बाहेर काढण्याच्या या कामात दोन मराठी नावं आहेत, ती इथे सांगायला हवीत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. मोनाली रहाळकर आणि ‘बाएफ’मधले डॉ. राहुल बहुलीकर यांनी २०२० मध्ये, जगभरच्या हौशी शोधकांच्या मदतीनं, एक जुनी घटना उजेडात आणली. एप्रिल २०१२ मध्ये युनानमधल्या मोजियांग इथल्या बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीत वटवाघळांची विष्ठा साफ करणारे सहा मजूर गंभीर न्यूमोनियानं आजारी पडले होते आणि त्यातले तिघं दगावले होते. त्यांच्या आजारावरचा चिनी भाषेतला प्रबंध एका टोपणनावाच्या भारतीय तरुणानं आंतरजालावर हुडकून काढला. सार्स-कोव्ह-२ शी ९६.२ टक्के जुळणारा वटवाघळाचा विषाणू वुहानच्या शास्त्रज्ञांनी याच खाणीतून २०१३ मध्ये आणला होता. मूळ लेखात त्यांनी खाणीचा आणि मजुरांचा उल्लेख केला नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांना ‘नेचर’मध्ये पुरवणी छापून तो करावा लागला. यानं प्रयोगशाळेतून विषाणू निसटला हे सिद्ध होतं का? होत नाही. त्या दोन विषाणूंत अकराशेवर अक्षरांचा फरक आहे आणि तो पडायला काही दशकं लागतात. पण लपलेली माहिती उघड झाली. शोधाचं काम असंच चालतं. निष्कर्ष चुकला तरी चालेल, कागद समोर यायला हवा. याच्या उलट उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस दिल्लीतल्या एका गटानं या विषाणूत एचआयव्हीचे तुकडे असल्याचा कच्चा लेख प्रसिद्ध केला. चौफेर टीका झाली आणि दोन दिवसांत तो मागे घेतला गेला. लेख मेला, पण अफवा आजही जिवंत आहे.

रोगाच्या उगमावरून राष्ट्रांची भांडणं कोलकात्याला नवी नाहीत. डिसेंबर १८८३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख इजिप्तमार्गे कोलकात्यात उतरले. तिथल्या रुग्णालयात पटकीनं मेलेल्यांच्या आतड्यांत त्यांना स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू मिळाला. मग एका तलावाभोवतीच्या वस्तीत पटकीचे बळी पडू लागले, तेव्हा कॉख यांनी त्या तलावाचं पाणी तपासलं. तोच जंतू पाण्यात होता. लोक त्याच तलावात आंघोळ करत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. विज्ञानाच्या दृष्टीनं प्रश्न बराचसा सुटला होता. पण ब्रिटिश सरकारला हे उत्तर परवडणारं नव्हतं. पटकी पाण्यातल्या जंतूनं पसरते आणि ती भारतातून बाहेर जाते हे मान्य केलं, तर सुएझ कालव्यातून जाणाऱ्या भारतीय जहाजांवर क्वारंटाइन लागलं असतं आणि व्यापाराला खीळ बसली असती. म्हणून १८८४ मध्ये क्लाइन आणि गिब्ज या दोन वैद्यकीय तज्ज्ञांना कोलकात्याला धाडण्यात आलं. त्यांनी कॉख यांचा दावा फेटाळणारा अहवाल दिला आणि लंडनच्या नामांकित डॉक्टरांच्या समितीनं त्याला दुजोरा दिला. व्यापाराची वही विज्ञानाच्या वहीवर ठेवली की असं होतं. आज बीजिंगच्या मौनावर आपण रागावतो ते योग्यच आहे, पण हा खेळ कोलकात्यात १४० वर्षांपूर्वी खेळला गेला होता आणि तेव्हा लंडन खेळत होतं.

त्याच शहरानं उत्तरही दिलं. पटकीचा जंतू माणसाला मारतो कसा, हे पुढची पाऊणशे वर्षं उलगडलं नव्हतं. १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात घालून विषाचं अस्तित्व दाखवलं. त्यासाठी त्यांना कुणाच्या दोषाची चर्चा करावी लागली नाही. मीठ-साखर-पाण्याच्या उपचारानं पुढे लाखो जीव वाचले, त्यामागची जंतूच्या विषाची समज अशा कामातून आली.

कूळ काढणारे काय करतात, तेही कोलकात्यानं पाहिलं. टांगरा आणि टिरेटा बाजार इथे हक्का आणि इतर चिनी वंशाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. चामड्याचे कारखाने, दंतवैद्यक, ब्यूटी पार्लर, उपाहारगृहं हे त्यांचे पिढीजात व्यवसाय. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या हजारो भारतीयांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं होतं, त्या जखमा या वस्तीत अजून ओल्या आहेत. २०२० मध्ये या लोकांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या जाऊ लागल्या. तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी टीशर्ट छापून घेतले. मी कोरोना नाही, माझा जन्म कोलकात्यातला, मी कधी चीनला गेलेलो नाही, अशा अर्थाचा मजकूर छातीवर लिहून ही माणसं आपल्याच शहरात हिंडत होती. त्याच वर्षी मे महिन्यात कोलकात्याच्या खाजगी रुग्णालयांतल्या शेकडो परिचारिका नोकऱ्या सोडून गेल्या. मणिपूरच्या मुली त्यात मोठ्या संख्येनं होत्या आणि चेहऱ्यावरून होणारी हेटाळणी हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक होतं. विषाणू चीनमध्ये प्रथम दिसला या माहितीचा उपयोग करून शहरानं काय मिळवलं? ऐन साथीत नर्सेस गमावल्या.

आणि आपण? २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यात रुग्ण अचानक वाढले. पुढे डेल्टा म्हणून कुख्यात झालेला वंश बी.१.६१७ या घराण्यातला, आणि त्याचे सुरुवातीचे नमुने महाराष्ट्रातले होते. जग त्याला ‘इंडियन व्हेरियंट’ म्हणू लागलं, तेव्हा आपल्या सरकारनं मे महिन्यात जाहीर हरकत घेतली. हरकत योग्यच होती. ३१ मे २०२१ पासून आरोग्य संघटनेनं ग्रीक अक्षरं वापरायला सुरुवात केली. पण तोवर वर्षभर ‘चायनीज व्हायरस’ म्हणताना आपल्यापैकी कितीजणांची जीभ अडखळली होती? विदर्भातल्या शेतकऱ्याला डेल्टाचा जनक म्हणणं जितकं वेडगळ, तितकंच टांगऱ्यातल्या चपला करणाऱ्या कारागिराला कोरोनाचा वारस म्हणणं वेडगळ आहे.

यावर काहीजण म्हणतील, मग उगम शोधण्याचा नादच सोडा. जे व्हायचं ते झालं, विषाणू आता माणसांत रुळला, लस आहे, पुढे चला. हा युक्तिवाद समंजस वाटतो, पण तो धोकादायक आहे. उगम कळल्यानं काय हाती लागतं, याचं उत्तर बंगालच्याच मातीत आहे.

जानेवारी-फेब्रुवारी २००१ मध्ये पश्चिम बंगालच्या सिलिगुडीत एक जीवघेणा ताप आला. मेंदूला सूज, श्वासाचा त्रास, आणि रुग्णांची शुश्रूषा करणारे नातेवाईक व रुग्णालयातले कर्मचारीच एकामागून एक आजारी. ६६ जणांना लागण झाली, ४५ दगावले. त्या वेळच्या तपासण्यांत कारण सापडलं नाही. पुढे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले आणि तो निपाह होता हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. निपाह त्याआधीच, १९९८-९९ मध्ये, मलेशियात ओळखला गेला होता. पाच वर्षं उशीर झाला, पण नमुना जपला होता म्हणून निदान उत्तर तरी मिळालं.

सीमेपलीकडे बांगलादेशात हाच विषाणू दर हिवाळ्यात येऊ लागला, तेव्हा तिथल्या संशोधकांनी मूळ शोधायचं ठरवलं. खजुराच्या झाडाला रात्री खाप देऊन मडकं टांगायचं आणि पहाटे गोळा झालेला गोड रस तसाच प्यायचा, ही बंगालची जुनी चाल. याच रसाचा उकळून केलेला नोलेन गूळ कोलकात्याच्या ‘संदेश’ या मिठाईत पडतो. संशोधकांनी झाडांवर अवरक्त कॅमेरे लावले. रात्री फळवटवाघळं येऊन खापेवरून वाहणारा रस चाटत होती, मडक्यात लाळ आणि मूत्र पडत होतं. उपाय काय निघाला? बांबूच्या कामट्या विणून केलेली एक साधी चटई. खापेला आणि मडक्याला ती बांधली की वटवाघूळ रसापर्यंत पोचत नाही. आणि रस उकळला तर विषाणू मरतोच. वटवाघळं मारावी लागत नाहीत, झाडं तोडावी लागत नाहीत, गावाला वाळीत टाकावं लागत नाही. उगमाचं ज्ञान जमिनीवर आलं की असं दिसतं, स्वस्तातली बांबूची चटई.

सार्स-कोव्ह-२ ची अशी चटई अजून विणली गेलेली नाही, कारण विषाणू नेमका कोणत्या वाटेनं आला हे ठाऊक नाही. तरी दोन्ही पक्षांपैकी कोणताही खरा ठरला तरी करायची कामं ठरलेलीच आहेत. विषाणू बाजारातून आला असेल, तर जिवंत वन्यप्राण्यांच्या व्यापारावर कडक देखरेख हवी. प्रयोगशाळेतून आला असेल, तर घातक जंतूंवरच्या प्रयोगांची नोंद स्वतंत्र तपासनीसांना खुली हवी. निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही, दोन्ही आजपासून करता येतात. ‘तुमचा सिद्धान्त आधी सिद्ध करा’ असं म्हणत दोन्ही टाळणं हा आळशीपणा आहे.

आपल्या घरात काय स्थिती आहे? साधनं कमी नाहीत. पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था १९५२ पासून काम करते आहे. या संस्थेनं २०२० मध्ये केरळ, हिमाचल प्रदेश, तमिळनाडू आणि पुद्दुचेरीतल्या वटवाघळांत कोरोनाविषाणू दाखवले. त्यांचा कोविडशी संबंध नव्हता, पण विषाणूंचं भांडार आपल्याही झाडांवर लटकतं आहे हे कळलं. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत याच संस्थेला निपाहचा माग मिळाला. कोलकात्यात पटकी आणि आंत्ररोगांवर काम करत आलेली राष्ट्रीय संस्था आहे. जवळच कल्याणीत जैववैद्यकीय जनुकशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे, जी डिसेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या जनुकक्रमांसाठी उभारलेल्या दहा प्रयोगशाळांच्या जाळ्यात होती. नागपुरात माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली.

उणीव आहे ती रोजच्या कामात. साथ आली की यंत्रणा जागी होते, ओसरली की झोपते. साथ नसताना, एखाद्या मंगळवारी, जिल्हा रुग्णालयात कारण न कळलेल्या न्यूमोनियानं दाखल झालेल्या रुग्णाचा स्वॅब घेतला जातो का? घेतला तर उणे ऐंशी अंशाच्या फ्रीझरमध्ये पाच वर्षं टिकतो का? त्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवलं जातं का, की तुमच्याकडे जनावरं आजारी आहेत का ते पाहा? हाँगकाँगच्या त्या ७१ वर्षांच्या गृहस्थांचा नमुना सार्स नकारार्थी आल्यावर कचऱ्यात गेला असता, तर एचकेयू-१ तेव्हा सापडला नसता. सिलिगुडीचे नमुने टाकून दिले असते, तर पंचेचाळीस माणसं कशानं गेली ते कधीच कळलं नसतं. आणि वुहानच्या बाजारातले प्राणी तपासले असते, तर आज एवढा वाद उरलाच नसता.

चीनकडे कागद मागण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तो आपण बजावला पाहिजे. पण हा अधिकार आपलं दप्तर उघडं ठेवणाऱ्यालाच शोभतो. पुढचा कोरोनाविषाणू कुठल्या देशात उतरेल ते सांगता येत नाही. तो सह्याद्रीच्या गुहेजवळच्या वाडीत उतरू शकतो, तसाच सुंदरबनच्या काठावरच्या खेड्यातही. त्या दिवशी आपण पहिले नमुने लपवणार, की जगासमोर मांडणार? सरकारला हा प्रश्न साथीआधी विचारायला हवा, आणि तो वाचकांनी विचारायला हवा. आपल्या जिल्हा रुग्णालयात कारण न कळलेल्या न्यूमोनियाच्या नमुन्यांचं पुढे काय होतं, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. निदान तेवढं तरी विचारा.